औषध आजार शोधतं की गिऱ्हाईक?

उलटतपासणी · सोमवार, रात्री ९:१०

एफ्लॉर्निथिन हे नाव इथे फार जणांनी ऐकलं नसेल. मूळ खटाटोप कर्करोगावरच्या औषधाचा होता, त्यात ते काही कामाचं निघालं नाही. पण पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या निद्रारोगावर ते असं लागू पडलं की शुद्ध हरपलेली माणसं उठून बसायला लागली. लोक त्याला मेलेल्याला उठवणारं औषध म्हणत. हा रोग त्सेत्से माशीमुळे होतो. परजीवी मेंदूत शिरले की झोपेचं चक्र उलटंपालटं होतं, माणूस भ्रमिष्ट होतो आणि उपचार मिळाले नाहीत तर जवळजवळ नक्की मरतो. त्या अवस्थेसाठी तोवर हाताशी होतं मेलार्सोप्रोल, आर्सेनिकपासून बनवलेलं. शिरेतून देताना जबर आग व्हायची आणि विसातला साधारण एक रुग्ण त्या औषधानेच दगावायचा.

१९९० मध्ये एफ्लॉर्निथिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. पाच-सहा वर्षांत कंपनीने ते बनवणं थांबवलं. औषध गुणकारी होतं, रोगीही होते, फक्त त्यांच्याकडे पैसे नव्हते. डॉक्टर पुन्हा आर्सेनिककडे वळले. आणि २००० साली तेच रसायन अमेरिकेच्या बाजारात परत आलं, बायकांच्या चेहऱ्यावरची लव कमी करणारं मलम म्हणून.

मग 'मेडिसाँ साँ फ्राँतिएर' ही डॉक्टरांची सेवाभावी संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी लावून धरलं, ओरडा झाला, आणि २००१ मध्ये आव्हेंटिस कंपनीने निद्रारोगासाठी पुन्हा उत्पादन करायचा करार केला. म्हणजे गाडी रुळावर आली ती लाजेखातर.

ही हकिगत वाचल्यावर मी खलनायक शोधत बसलो. सापडला नाही. रसायनशास्त्रज्ञाने काम चोख केलं, हिशेबनीसानेही चोख केलं. प्रत्येकाने आपापल्या टेबलावर योग्य तेच केलं आणि शेवटी माणसं आर्सेनिकवर गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे. नफा मिळवू नये असं नाही. पण कुठल्या आजारावर काम करायचं हेच नफा ठरवणार असेल, तर संशोधकाच्या पोटात कितीही माया असो, तिला करायला काही उरत नाही. मतं मांडा. 'सगळ्या कंपन्या चोर' आणि 'फुकट कोण काम करणार' ही दोन वाक्यं सोडून काही असेल तर फारच बरं.


दोन_थेंब · सोमवार, रात्री ९:४७

दुसरं वाक्य मी म्हणणारच होतो, तुम्ही आधीच जप्त केलंत.

मी औषध कंपनीत फॉर्म्युलेशनला आहे, तेव्हा माझं मत त्या हिशेबाने घ्या. माणसांवर चाचणीला उतरलेल्या दहा रेणूंपैकी साधारण एक बाजारात पोहोचतो. उरलेल्या नऊंचा खर्च कुणीतरी भरायचा असतो. टफ्ट्स विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये एका नव्या औषधाचा खर्च २६० कोटी डॉलर काढला होता.

इन्सुलिनचं उदाहरण नेहमी देतात. ते शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ मध्ये पेटंट प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकलं. खरं आहे, थोरच माणसं. पण आधीच्या वर्षी काय झालं ते कुणी सांगत नाही. १९२२ च्या सुरुवातीला लेनर्ड थॉम्पसन या मुलाला पहिली गुणकारी इंजेक्शनं मिळाली, आणि पुढच्या काही महिन्यांत टोरांटोच्या प्रयोगशाळेला इन्सुलिन धड बनवताच येईना. एक घाणा लागू पडायचा, दुसरा नाही. मुलं वाट बघत होती. तेव्हा इलाय लिली कंपनीशी करार झाला आणि तिथल्या रसायनतज्ज्ञाने शुद्धीकरणाची पद्धत बसवली, म्हणून इन्सुलिन जगाला मिळालं.

पेनिसिलिनचं तसंच. ऑक्सफर्डची मंडळी बेडपॅनमध्ये बुरशी वाढवत होती. १९४१ मध्ये पहिला रुग्ण, अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस, सुधारत आला होता. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच टोचलं, तरी साठा संपला आणि माणूस गेला. दया कमी पडली नव्हती हो, माल कमी पडला. मोठमोठ्या टाक्यांमधून ते काढायचं तंत्र अमेरिकन कंपन्यांनी उभं केलं.


तिरकस_बाण · सोमवार, रात्री १०:०२

टक्कल, सुरकुत्या आणि चेहऱ्यावरची लव. मानवजातीचे तीन महारोग. निद्रारोगवाल्यांनी थोडी कळ काढायला हवी होती, आधी आमच्या हनुवटीचं बघू द्या.


सांख्यिकीकार · सोमवार, रात्री ११:२०

@दोन_थेंब, तो २६० कोटींचा आकडा मोडून बघा. त्यातला प्रत्यक्ष खर्च साधारण १४० कोटी. उरलेले जवळपास १२० कोटी म्हणजे तोच पैसा इतकी वर्षं दुसरीकडे गुंतवला असता तर काय मिळालं असतं, त्याची किंमत. अर्थशास्त्रात हे चालतं, पण 'आम्ही खर्च केला' म्हणून सांगताना ते वेगळं सांगावं. शिवाय आकडे कंपन्यांनीच गुप्तपणे पुरवलेले. २०२० मध्ये जामा नियतकालिकात जाहीर हिशेबांवरून केलेला अभ्यास आला, त्यात मध्यक ९८.५ कोटी डॉलर निघाला. हाही काही चिल्लर नाही. पण दोन आकड्यांतली दरी पाहा.

आणि मुख्य मुद्दा: विक्रीची किंमत या खर्चावरून ठरतच नाही. हिपॅटायटिस सीवरचं सोफोस्बुविर घ्या. २०१३ मध्ये अमेरिकेत १२ आठवड्यांचे ८४,००० डॉलर, गोळीला १,०००. ते विकणाऱ्या गिलियड कंपनीने हा रेणू शोधलाही नव्हता, तो शोधणारी कंपनी २०११ मध्ये सुमारे १,१०० कोटी डॉलरला विकत घेतली होती. संपूर्ण कोर्स बनवण्याचा खर्च २०१४ मधल्या एका स्वतंत्र अंदाजानुसार ६८ ते १३६ डॉलर. अमेरिकन सिनेटच्या अर्थ समितीतल्या दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं तपासून २०१५ मध्ये लिहिलं की किंमत ठरवताना जास्तीत जास्त उत्पन्न हाच हिशेब होता, किती रुग्णांना औषध परवडणार नाही हे ठाऊक असूनही.


दोन_थेंब · मंगळवार, सकाळी ७:५५

मान्य, किंमत निर्लज्ज होती. पण सोफोस्बुविरच्या आधी काय होतं तेही लिहा ना. इंटरफेरॉन. सहा महिने ते वर्षभर इंजेक्शनं, सतत ताप, नैराश्य, आणि एवढं सोसून निम्मेच बरे व्हायचे. नवीन गोळीने १०० तले ९० च्या वर बरे होतात. बरे म्हणजे विषाणू गेला, कायमचा.

आणि त्याच गिलियडने २०१४ मध्ये ९१ विकसनशील देशांसाठी जेनेरिक कंपन्यांना परवाने दिले. इजिप्तला तोच कोर्स ९०० डॉलरला दिला. हिपॅटायटिस सीचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या देशांपैकी तो एक होता. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच देशाला रोगनिर्मूलनाच्या वाटेवर सगळ्यात पुढे असल्याचा दर्जा दिला. आधी कुणीतरी नफ्याच्या हव्यासाने ती गोळी बाजारात आणली नसती तर इजिप्तने काय वाटलं असतं?


पायरीवर · मंगळवार, सकाळी ९:३०

सोफोस्बुविरच्या गोष्टीचा पुढचा भाग जास्त बोलका आहे. रोगी बरे होत गेले तसं गिऱ्हाईक संपत गेलं आणि गिलियडची त्या औषधांची विक्री झपाट्याने घसरली. २०१८ मध्ये गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेच्या विश्लेषकांनी जीन उपचारांवरच्या अहवालात हेच उदाहरण घेऊन विचारलं होतं की रोग्याला बरं करणं हा टिकाऊ धंदा आहे का.

लोकांनी त्यावर शिव्याशाप दिले. मला मात्र तो प्रामाणिक प्रश्न वाटला. गुंतवणूकदाराच्या खुर्चीत बसलं की तोच प्रश्न पडणार. प्रश्न विचारणाऱ्याला झोडपून उपयोग नाही, ती खुर्ची एकटीच का आहे ते विचारा.

अँटिबायोटिकचं बघा. नवीन अँटिबायोटिक जपून वापरावं, कपाटात ठेवावं, असं डॉक्टर सांगतात आणि ते बरोबरच आहे. मग विकणार काय? अकाओजेन नावाच्या कंपनीचं प्लाझोमायसिन २०१८ च्या जूनमध्ये मंजूर झालं. जिवाणू दाद देईनासे झालेत, औषध हवं, असं सगळं जग म्हणत होतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. इथे नफेखोरी नव्हती, उलट नफाच नव्हता.


तिरकस_बाण · मंगळवार, सकाळी ९:४१

म्हणजे बरं करणारं औषध काढलं तर धंदा बुडतो, जपून वापरायचं काढलं तरी बुडतो. जन्मभर रोज एक घ्यावी लागणारी गोळी तेवढी सात्त्विक.


रात्रपाळी · मंगळवार, दुपारी ३:१५

रेणू, पेटंट सगळं वाचलं. मी परिचारिका आहे, मला वॉर्डातलं दिसतं ते लिहिते.

मॉर्फिनवर कुणाचं पेटंट नाही. दोनशे वर्षांपूर्वी अफूतून वेगळं काढलेलं, बनवायला स्वस्त. सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात सामाजिक कार्यकर्त्या, मग डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांचं शुश्रूषाघर, सुरू केलं. त्यांनी सांगितलं ते ऐकायला फार साधं आहे. कर्करोगाच्या रुग्णाला वेदना असह्य होऊन त्याने हाका मारेपर्यंत थांबू नका, घड्याळ बघून आधीच द्या. यात कसलंही नवं यंत्र नाही.

आज काय आहे? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये हिशेब मांडला. जगातली सर्वांत गरीब निम्मी लोकसंख्या ज्या देशांत राहते त्यांच्या वाट्याला जगातलं १ टक्का मॉर्फिन येतं. एक टक्का. कायदे आड येतात, डॉक्टर घाबरतात, हे खरंच. पण स्वस्त मॉर्फिनची रदबदली करायला कुठल्या कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरकडे जातो? त्याला त्यात काय मिळणार?

आता दुसरं टोक. त्याच अफूच्या घराण्यातलं ऑक्सिकोडोन, सावकाश सुटणाऱ्या महागड्या गोळीच्या रूपात १९९६ मध्ये अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन म्हणून आलं. तिथे प्रतिनिधींची फौज होती, डॉक्टरांसाठी मेळावे होते, व्यसन लागत नाही असं सांगणं होतं. पर्ड्यू फार्माच्या संलग्न कंपनीने २००७ मध्ये दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला, दंड ६० कोटी डॉलरच्या पुढे. २०२० मध्ये पर्ड्यूने पुन्हा गुन्हे कबूल केले. म्हणजे जिथे पैसा आहे तिथे साध्या पाठदुखीलाही ओंजळभर आणि जिथे नाही तिथे हाडात पसरलेल्या कर्करोगालाही काही नाही.

वॉर्डातही तेच असतं. एका पाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण, यावर सगळं ठरतं. मी चांगली बाई असेन, नसेन. माझ्याकडे जास्तीचे रुग्ण आले की मी कुणाजवळ बसत नाही, चादर बदलून पुढे पळते. अमेरिकेत खासगी गुंतवणूक फंडांनी विकत घेतलेल्या शुश्रूषागृहांचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला होता. थोड्या मुक्कामासाठी दाखल झालेल्या वृद्धांमध्ये ९० दिवसांतले मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी वाढलेले दिसले. परिचारिकांचे तास घटलेले आणि शांत ठेवणाऱ्या औषधांचा वापर वाढलेला. माणूस कमी केला की त्याच्या जागी झोपेची गोळी येते, हे आम्हाला कुणी अभ्यास करून सांगायला नको होतं.


जाईजुई · मंगळवार, दुपारी ४:०२

+१ रात्रपाळी. शेवटचं वाक्य वाचून आजीचे शेवटचे महिने आठवले. जास्त लिहीत नाही.


पायरीवर · मंगळवार, सायंकाळी ६:१०

रात्रपाळीताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. फक्त एक सावधगिरी. नफा काढून घेतला की आपोआप दया येते, असं चित्र उभं राहायला नको.

टस्कीगीत नफा कुठे होता? अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता रोग कसा वाढतो ते बघितलं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हाताशी आलं, तेही त्यांना मिळू दिलं नाही. कुणी डॉलर कमावला नाही. ज्ञानासाठी केलं म्हणे.

आणि उलट बाजूने, फ्रान्सिस केल्सी. १९६० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनात नव्याने रुजू झाल्या होत्या, टेबलावर थॅलिडोमाइडचा अर्ज आला. युरोपात ते झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी सर्रास घेतलं जात होतं. कंपनीचे लोक पुन्हा पुन्हा येत, वरिष्ठांकडे तक्रारी करत. बाई म्हणत राहिल्या की सुरक्षिततेचा पुरावा अपुरा आहे, आणखी माहिती आणा. १९६१ च्या अखेरीला सत्य बाहेर आलं तोवर जगभरात १०,००० हून अधिक मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली होती. अमेरिकेत फारच थोडी, तीही बहुतेक चाचणीच्या नावाखाली वाटलेल्या गोळ्यांमुळे. त्या वेळी कंपनीला त्या फाइल अडवून बसलेल्या खडूस कारकून वाटल्या असतील. पण एवढी मुलं कुणी प्रेमळ डॉक्टरने वाचवलेली मला आठवत नाहीत.

म्हणून मला दया स्वभावात शोधायची नाही, नियमात शोधायची आहे.

अवांतर: अमेरिकेत थॅलिडोमाइड आणू पाहणारी मेरेल आणि एफ्लॉर्निथिन शोधणारी मेरेल डाऊ हे एकच घराणं.


मोरपंखी · मंगळवार, रात्री १०:३५

माझ्या भाच्याला दुर्मीळ आजार आहे. नाव लिहीत नाही, ओळखीचे लोक इथे वाचतात. आमच्यासारख्या घरातून हा धागा कसा दिसतो ते सांगते.

आमच्याकडे आधी कुणी बघतच नव्हतं. रोगी थोडे, म्हणून कंपनीला रस नाही. सरकारी अनुदान मोठ्या आजारांना. अमेरिकेत १९८३ चा ऑर्फन ड्रग कायदा आला. तिथे दोन लाखांहून कमी रोगी असलेल्या आजारावर औषध आणलं तर सात वर्षं मक्तेदारी आणि करसवलत. त्यानंतर कंपन्या दुर्मीळ आजारांकडे वळल्या. दया आली म्हणून वळल्या असं मी म्हणणार नाही. पण वळल्या.

सिस्टिक फायब्रोसिसवाल्यांची गोष्ट आम्हा नातेवाइकांच्या गटात सगळ्यांना पाठ आहे. रुग्णांच्या संस्थेने देणग्यांमधून जमवलेले सुमारे १५ कोटी डॉलर एका कंपनीत संशोधनासाठी घातले. २०१२ मध्ये आयव्हाकाफ्टर आलं. आजाराच्या मुळाशी असलेल्या प्रथिनावर काम करणारं पहिलंच औषध. वर्षाला जवळपास ३ लाख डॉलर. आणि २०१४ मध्ये संस्थेने आपला रॉयल्टीचा हक्क ३३० कोटी डॉलरला विकला. ते पैसे पुन्हा संशोधनातच गेले. आता सांगा, हे दयेत धरायचं की नफ्यात? जी किंमत पाहून आईबापांना रडू फुटलं, तिच्यातूनच पुढच्या औषधांचे पैसे आले. मी आजवर ठरवू शकले नाहीये.

दुसरी गोष्ट. पाठीच्या मज्जारज्जूच्या स्नायूक्षयावरचं झोल्जेन्स्मा. २०१९ मध्ये एका डोसची किंमत २१ लाख डॉलरहून जास्त. मग कंपनीने जाहीर केलं की जिथे ते मंजूर नाही अशा देशांतल्या दोन वर्षांखालच्या मुलांना वर्षाला १०० पर्यंत डोस फुकट देऊ, चिठ्ठ्या टाकून. बऱ्याच लोकांना ते क्रूर वाटलं. मला विचाराल तर मी नाव घातलं असतं. आणि ज्या दिवशी चिठ्ठी आली नसती त्या दिवशी मीही त्याला क्रूरच म्हटलं असतं.


तिरकस_बाण · मंगळवार, रात्री १०:५०

यावर मी काही तिरकस लिहिणार नाही.


उलटतपासणी · बुधवार, सकाळी ८:२०

@मोरपंखी, तुमच्या प्रतिसादानंतर मला माझं म्हणणं जास्त नेमकं करावंसं वाटतं.

मर्क कंपनीचं बघा. आयव्हरमेक्टिन त्यांनी जनावरांच्या जंतांसाठी आणलं, त्यावर बक्कळ कमावलं. मग लक्षात आलं की नदीकाठच्या माश्यांमुळे येणाऱ्या आंधळेपणावर, रिव्हर ब्लाइंडनेसवर, हीच गोळी चालते. रोगी इतके गरीब की कुठल्याही किमतीला विकणं अशक्य. रॉय व्हॅजेलोस प्रमुख होते. त्यांनी सरकारांकडे पैसे मागून बघितले, कुणी पुढे येईना, तेव्हा १९८७ मध्ये जाहीर केलं: लागेल तेवढं, लागेल तोवर, फुकट. ते आजही चालू आहे.

आता त्याच मर्कचं व्हायॉक्स. सांधेदुखीवरची गोळी, १९९९ मध्ये आली. हृदयविकाराच्या धोक्याच्या खुणा लवकरच दिसू लागल्या होत्या, तरी जाहिरात जोरात. २००४ मध्ये मागे घेतली, २००७ मध्ये खटले मिटवायला ४८५ कोटी डॉलर कबूल केले.

दोन्ही वेळी इमारत तीच, भागधारक तेच. फरक होता तो मोठ्या खुर्चीत कोण बसलंय याचा, आणि पहिल्या वेळी जनावरांच्या धंद्यातून आधीच तिजोरी भरलेली होती याचा. एवढ्या भरवशावर कोट्यवधी लोकांचे डोळे सोडायचे का? विहिरीला पाणी आहे की नाही हे शेजाऱ्याच्या लहरीवर ठेवण्यासारखं आहे ते.

दुसरी वाट आहे आणि ती चालून झालेली आहे. २००३ मध्ये डीएनडीआय ही ना-नफा संस्था निघाली. मेडिसाँ साँ फ्राँतिएर, पाश्चर इन्स्टिट्यूट, आपली आयसीएमआर, ब्राझील, केनिया आणि मलेशियातल्या सरकारी संस्था यांनी मिळून काढली. त्यांनी कंपन्यांच्या कपाटात पडलेली जुनी संयुगं उपसली. १९८० च्या दशकात बाजूला टाकलेलं फेक्सिनिडॅझोल त्यात सापडलं. सानोफीने कारखाना आणि नोंदणीची बाजू सांभाळली. २०१८ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने हिरवा कंदील दिला आणि निद्रारोगावर दहा दिवसांच्या नुसत्या गोळ्या मिळाल्या. त्या वर्षी जगभरात नोंदलेले रुग्ण हजाराच्या खाली आले होते, त्यात आधीच्या कित्येक वर्षांच्या तपासणी मोहिमांचाही वाटा आहे.

इथे कंपनी होती, तिचं कौशल्य होतं, @दोन_थेंब यांचा मुद्दा शाबूत आहे. फक्त 'कुठल्या आजारावर' हा प्रश्न तिने ठरवला नाही.


दोन_थेंब · बुधवार, दुपारी १:०५

याला माझी हरकत नाही. आमच्याकडचे लोकही अशा प्रकल्पावर आनंदाने काम करतील, पगार मिळाला म्हणजे झालं. पण डीएनडीआयचा पैसा सरकारं आणि देणगीदारांकडून येतो. एखाद्या देशात सरकार बदललं, मदतीला कात्री लागली, की तेही कुणाच्या तरी लहरीवरच.


पायरीवर · बुधवार, दुपारी २:४०

म्हणूनच पैसे देण्याची रीत बदलायला हवी. इंग्लंडने २०२२ मध्ये दोन अँटिबायोटिकांसाठी वर्गणी पद्धत सुरू केली. किती कुप्या वापरल्या याचा संबंध नाही, औषध उपलब्ध ठेवल्याबद्दल कंपनीला वर्षाला ठरावीक रक्कम, प्रत्येकी १ कोटी पौंडांपर्यंत. अग्निशमन दलाला आपण किती आगी विझवल्या यावर पगार देत नाही, तसंच. अकाओजेनला हे मिळालं असतं तर कदाचित तगली असती.

आणखी एक अनाथ गट आहे, ज्याचं या धाग्यात कुणी नाव घेतलं नाही. पेटंट संपलेली जुनी औषधं. त्यांची नवी चाचणी करायला कुणी धजत नाही, कारण फायदा सगळ्यांचा आणि खर्च एकाचा. जपानच्या उताको ओकामोतो यांनी पतीबरोबर १९६० च्या दशकात ट्रॅनेक्झॅमिक आम्ल शोधलं. रक्तस्राव थांबवणारं. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर ते वापरून बघावं अशी त्यांची फार इच्छा होती, पण डॉक्टर चाचणी करायला तयार होईनात. ती चाचणी शेवटी लंडनच्या एका सार्वजनिक संस्थेने केली, २१ देशांतल्या २०,००० स्त्रियांवर. २०१७ मध्ये निष्कर्ष आला. तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटतात. ओकामोतोबाई आदल्याच वर्षी ९८ व्या वर्षी गेल्या होत्या.

मधली पन्नास वर्षं औषध दुकानात होतं. गुणकारी होतं. स्वस्त होतं.


जाईजुई · बुधवार, दुपारी ३:१२

पन्नास वर्षं?? किती बाळंतिणी गेल्या असतील. हे वाचून राग कुणावर काढायचा तेच कळत नाही.

करोनाच्या लशींच्या पेटंटबद्दल कुणी लिहिलं नाही अजून?


संपादक मंडळ · बुधवार, दुपारी ३:३०

लशींच्या पेटंटवर वेगळा धागा आहे, तो अजूनही धुमसतोय. तो वाद इथे आणू नये ही विनंती.


सांख्यिकीकार · बुधवार, रात्री ११:४८

किंमत आणि विषयनिवड यावर भरपूर झालं. मला ज्याचा सगळ्यात जास्त संताप येतो ते अजून राहिलंय.

औषधाच्या चाचणीत भाग घेणारा माणूस काय देतो याचा विचार करा. अंग देतो, वेळ देतो, धोका पत्करतो. अर्ध्या जणांना नुसती साखरेची गोळी मिळण्याची शक्यता असते, तेही ठाऊक असतं. बऱ्याच जणांना विचारलं तर म्हणतात, मला नाही तर नाही, पुढच्या कुणाला तरी उपयोग होईल. या सगळ्या साखळीत निखळ दया कुठे असेल तर ती इथे, सहीच्या कागदावर. आणि त्या दयेतून निघालेली माहिती कंपनीची मालमत्ता होते.

२००८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये एक अभ्यास आला. १२ नैराश्यविरोधी औषधं, अमेरिकन औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या, १२,५६४ रुग्ण. प्रशासनाच्या मते त्यातल्या ३८ चाचण्यांत औषधाचा उपयोग दिसला होता. त्या ३८ पैकी ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ मध्ये उपयोग दिसला नव्हता किंवा शंकास्पद होता. त्यातल्या २२ छापल्याच नाहीत, ११ अशा सजवून छापल्या की उपयोग झाल्यासारखं वाटावं, आणि फक्त ३ जशा होत्या तशा. म्हणजे नियतकालिकं वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत होत्या. प्रत्यक्षात ५१ टक्के.

डॉक्टर प्रामाणिक, रुग्ण उदार, आणि मधल्या मध्ये अर्धी माहिती गायब. ज्यांनी साखरेची गोळी घेऊन नैराश्यात महिने काढले, त्यांच्या वाट्याचं सत्य कपाटात गेलं. किंमत जास्त लावली तर निदान ती दिसते तरी. हे दिसतही नाही.

थोडं सुधारलंय. २००५ पासून मोठी वैद्यकीय नियतकालिकं आधी नोंदणी न केलेली चाचणी छापत नाहीत. २००७ च्या अमेरिकन कायद्याने बऱ्याच चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर करणं बंधनकारक केलं. अंमलबजावणी ढिली आहे, विद्यापीठंही यात मागे राहतात. म्हणजे पापाचा वाटा नफेखोरांपुरता नाही.


मोरपंखी · गुरुवार, सकाळी ७:२५

@सांख्यिकीकार, भाच्याला एका चाचणीत घेण्याबद्दल विचारणा झाली आहे. संमतीपत्र तीस पानांचं. त्यात नेमकं काय बघू?


सांख्यिकीकार · गुरुवार, सकाळी ८:१०

वैद्यकीय बाजू तुमचे डॉक्टरच सांगतील, त्यात मी पडत नाही. कागदापुरतं सांगतो. नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो टाकून सार्वजनिक नोंदवहीत चाचणी स्वतः शोधा आणि मुख्य निकष कोणता लिहिलाय ते टिपून ठेवा. नंतर तो बदलला तर कळेल. निष्कर्ष विरुद्ध गेले तरी छापण्याचा हक्क संशोधक डॉक्टरांना आहे की कंपनीची परवानगी लागते, हे सरळ विचारा. उत्तर द्यायला त्यांना जड जाईल, तरी विचारा. आणि औषध लागू पडलं तर चाचणी संपल्यावर ते मुलाला मिळत राहणार का, किती काळ, कुणाच्या खर्चाने. हेलसिंकी जाहीरनाम्यात, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांत, याची तरतूद आधीच करावी असं म्हटलेलं आहे.


दोन_थेंब · गुरुवार, सकाळी ८:५२

मोरपंखीताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर संमतीपत्रात मोघम असतं, 'प्रायोजकाच्या विवेकानुसार' वगैरे. मूळ प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या आराखड्यात, ते नीट लिहिलेलं असायला हवं. नैतिकता समितीच्या सचिवांचा नंबर फॉर्मच्या शेवटी असतो. त्यांना फोन करा आणि उत्तर लेखी मागा. कंपनीच्या माणसाला विचारलंत तर तो माझ्यासारखंच गोड बोलेल.